दुसरीला दोन अंकी संख्या: खेळ रंगतो, पण पाटीवर २७ चे ७२ होतातच

खडूफळा:
नमस्कार. दुसरीचा वर्ग आहे, मराठी माध्यम, ३६ मुलं, तास ३५ मिनिटांचा. दोन अंकी संख्यांसाठी आठवड्यातून तीन तास खेळ घेते. अंकांची कार्डं घेऊन पळत जाऊन आपापल्या जागी उभं राहणं, संगीत खुर्चीसारखी संख्याखुर्ची, आणि सापशिडी असे तीन खेळ आहेत. मुलं मनापासून खेळतात, तास संपला तरी उठायला तयार नसतात. पण श्रुतलेखन दिलं की सत्तावीसला ७२ लिहिणारी दहा-बारा मुलं निघतातच, आणि एकोणपन्नासला ५९ लिहिणारी त्याहून जास्त. खेळ चुकीचे निवडले आहेत, की खेळानंतर करायचं काही राहून जातंय? साहित्य विकत घेता येणार नाही असं धरून सांगा.

गणितमाळ:
मॅडम, आधी चुका वेगळ्या करू. सत्तावीसला ७२ आणि एकोणपन्नासला ५९ या दोन निराळ्या चुका आहेत, त्यांना एकच खेळ लागू पडणार नाही.

पहिली चूक कानाची आहे. मराठीत सुटे आधी बोलले जातात आणि दशक मागून येतो. 'सत्तावीस' म्हटलं की कानावर सात आधी पडतो, मूल ऐकल्या क्रमाने ७ लिहितं आणि मग २. कन्नड किंवा तेलुगू मुलांना हा त्रास नाही, त्यांच्याकडे वीस आधी येतो. त्या मुलाला संख्या कळलीच नाही असं लगेच धरू नका. त्याला काड्या देऊन 'सत्तावीस दाखव' म्हणा. त्याने दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या उचलल्या, तर संख्या पक्की आहे, फक्त लिहिण्याचा क्रम उलटतोय. सात गठ्ठे उचलले तर नावच ओळखीचं नाही. या दोन मुलांचं काम वेगवेगळं आहे.

क्रमाच्या चुकीसाठी 'शेपूट धर' हा खेळ घ्या. पेन्सिली खाली. तुम्ही संख्या म्हणायची. मुलांनी शब्दाचं शेपूट ऐकून आधी फक्त दशकाची बोटं वर करायची: सत्तावीस म्हटलं की दोन बोटं, अडतीस म्हटलं की तीन. तुम्ही 'लिहा' म्हटल्यावर आधी डाव्या घरात दशक, मग सुटे. सगळं बळ त्या थांबण्यात आहे. पूर्ण शब्द कानावर पडायच्या आत पेन्सिल हलली, की चूक झालीच.

शेपटांचा क्रम मात्र विचार करून लावा. वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी ही शेपटं अखंड राहतात: बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. तिथून सुरुवात करा. साठचं 'सष्ट' होतं, सत्तरचं 'हत्तर', नव्वदचं 'ण्णव'. ही तीन शेपटं वेगळी सांगावी लागतात, 'सष्ट म्हणजे साठचं घर' असं तोंडात बसवावं लागतं. पन्नाशी सगळ्यांत शेवटी घ्या, कारण तिला दोन शेपटं आहेत. एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न यांत 'वन्न', तर त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न यांत 'पन्न'. शब्दाच्या डोक्याकडे सहा सगळ्यांत जास्त रूपं बदलतो: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. सहाची ही माळ वेगळी लिहून भिंतीवर लावा.

दुसरी चूक 'एकोण'ची. 'एकोणपन्नास' मध्ये मुलाला पन्नास ऐकू येतो आणि नऊ येणार हे पाठ असतं, म्हणून ५९. इथे शेपटाचा नियमच उलट काम करतो, म्हणून 'शेपूट धर' खेळात एकोणच्या संख्या पहिले दोन आठवडे आणूच नका. त्यांच्यासाठी जमीन वापरा. खडूने सरळ रेघ, तिच्यावर ४५ ते ५५ एकेका पावलाच्या अंतराने. मूल ५० वर उभं. 'एकोणपन्नास' म्हटलं की एक पाऊल मागे, आणि पायाखालचा आकडा मोठ्याने वाचायचा. मग रेघ तीच ठेवून आकडे बदला: २५ ते ३५, ६५ ते ७५. 'एकोण म्हणजे एक कमी' हे सांगून दोन दिवस टिकतं, मागे टाकलेलं पाऊल जास्त टिकतं. १९ पासून ८९ पर्यंत नवाने संपणाऱ्या आठही संख्यांना एकोण आहे. फक्त ९९ नव्व्याण्णव. हा अपवाद मुलांनाच शोधू द्या, त्यांना फार आवडतो.

गणितमाळ असेल तर हेच माळेवर होतं. दहा-दहा मण्यांचे दोन रंग आलटून पालटून, असे १०० मणी, आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा. चिमटा पन्नासाव्या मण्याच्या पुढे लावलेला असतो. एकोणपन्नास म्हटलं की एक मणी मागे.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली एकवीसचं 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. माझं मत असं की जोडीला दोन्ही ठेवावं, 'वीस सात, सत्तावीस' असं सलग म्हणावं. नुसतं 'वीस सात' ठेवलं तर बाजारात, घरी, बसच्या तिकिटावर मुलाला सत्तावीसच ऐकायचं आहे. शिवाय 'वीस सात' ऐकून २०७ लिहिणारी मुलं निघतात. त्यांच्यासाठी एकावर एक बसणारी कार्डं करा: १० ते ९० ची कार्डं ६ सेंमी रुंद, १ ते ९ ची बरोबर अर्धी, ३ सेंमी. ७ चं कार्ड २० च्या शून्यावर ठेवलं की २७ दिसतं, आणि कार्ड उचललं की खालचं शून्य दिसतं. दोन्ही कार्डं एकाच रुंदीची कापली तर मूल शेजारी-शेजारी मांडून २०७ च करतं.

चिंचोका:
गणितमाळ सरांनी नावांचं सांगितलं, मी खेळांचं बघतो. एक कसोटी लावा: संख्या न वाचता, न मोजता मूल हा खेळ जिंकू शकतं का? जिंकू शकत असेल, तर ते संख्या वाचणार नाही. त्यात मुलाचा दोष नाही, खेळ त्याच्याकडे ते मागतच नाही.

तुमचे तिन्ही खेळ या कसोटीवर धरा. कार्ड घेऊन पळण्यात एका वेळी दोन मुलं विचार करतात आणि चौतीस बघतात. ३५ मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला दोन-तीन वेळा विचार येतो. संख्याखुर्ची पायांची चपळाई तपासते. सापशिडीत मूल फाशावरचे ठिपके मोजतं, सोंगटी 'एक, दोन, तीन, चार' म्हणत सरकवतं आणि शिडी दिसली की चढतं. घरातला आकडा शंभर घरं चालूनही एकदाही वाचावा लागत नाही.

सापशिडी टाकून देऊ नका, दोन बदल करा. पहिला बदल बोलण्याचा. सोंगटी २६ वर आहे आणि ४ पडले, तर 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस' असं घरांची नावं घेत सरकायचं. 'एक, दोन, तीन, चार' म्हटलं तर सोंगटी परत जागेवर. सीगलर आणि रमाणी यांनी २००८ साली लहान मुलांवर केलेल्या कामात सरळ रांगेच्या संख्यापटाने संख्यांची जाण वाढल्याचं दाखवलं. पुढे २०१४ मध्ये लास्की आणि सीगलर यांनी शंभरपर्यंतच्या पटावर नेमका हाच फरक तपासला: घरांची नावं घेत पुढे जाणाऱ्या मुलांना फायदा झाला, एकपासून मोजणाऱ्यांना तसा झाला नाही.

दुसरा बदल पटाचा. सापशिडीचा पट नागमोडी असतो. ७ च्या वर १४ येतात, १४ च्या वर २७, त्यावर ३४. दहाने वाढलं की सुटे तेच राहतात, ही संख्यांची सगळ्यांत सुंदर गोष्ट त्या पटावर दिसतच नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे १० बाय १० घरं आखा आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. म्हणजे ७, १७, २७, ३७ एकाखाली एक येतात. शिड्या उभ्याच काढा, १४ वरून ४४ अशा. मग 'शिडी चढलास, किती दहा मिळाले?' हा प्रश्न विचारता येतो.

आता दोन नवे खेळ. पहिला 'घर निवड'. प्रत्येकाच्या पाटीवर दोन घरं, दशक आणि सुटे. डब्यात ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या. तुम्ही एक काढून वाचायची. मुलांनी तो अंक कुठल्याही एका घरात लिहायचा, मग पुसायचा नाही. चिठ्ठी परत डब्यात टाकून हलवायची, दुसरी काढायची, ती उरलेल्या घरात. मोठी संख्या करणाऱ्याला एक गुण. ३६ च्या ३६ मुलांना दर चिठ्ठीला निर्णय घ्यावा लागतो, कुणी रिकामं बसत नाही. एक डाव दीड-दोन मिनिटांत होतो, पंधरा मिनिटांत सात-आठ डाव. डावानंतर दोघांनी आपली संख्या मोठ्याने वाचायची आणि दशकात तो अंक का ठेवला ते सांगायचं. थोड्या दिवसांत मुलं स्वतः म्हणू लागतात की ५ किंवा त्याहून मोठा अंक दशकात ठेवावा. हिशेबही तसाच येतो, कारण ० ते ९ ची सरासरी साडेचार.

इथे दोन गोष्टी बिघडतात. चिठ्ठ्यांऐवजी फासा घेतला तर ०, ७, ८, ९ कधीच येत नाहीत आणि ०७ म्हणजे सातच, ही चर्चा हुकते. आणि मुलं शेजाऱ्याचं बघून लिहितात. त्यासाठी अंक वाचल्यावर तीन मोजेपर्यंत पाटी छातीशी, मग लिहायचं. एका आठवड्यानंतर 'सगळ्यात लहान संख्या' खेळा. पाठ झालेली युक्ती उलटावी लागते, तेव्हा कुणाला कळलंय ते दिसतं.

दुसरा 'पन्नासची शर्यत'. चौघांचा गट, त्यात दोन जोड्या. गटाला १२० काड्या, १२ रबरं, दोन फासे. खराट्याच्या काड्यांचे चार बोटं लांबीचे तुकडे करा, दोन-तीन खराट्यांत नऊ गटांचं भागतं. आगपेटीच्या काड्या नकोत. जोडीने फासे टाकायचे, तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. आधी पन्नास गाठणारी जोडी जिंकली. दोन फाशांची सरासरी सात, म्हणजे एका जोडीला सात-आठ फेऱ्या लागतात. गठ्ठे बांधण्यासकट डाव आठ-दहा मिनिटांत संपतो. गठ्ठ्यात अकरा किंवा नऊ काड्या जाणं ही नेहमीची चूक, म्हणून रबर लावण्याआधी समोरच्या जोडीने मोजायचं.

तुमच्याकडे राहून जातंय ते बहुधा इथे आहे. दर फेरीनंतर पाटीवर एक ओळ लिहिलीच पाहिजे: दशक २, सुटे ७, आणि शेजारी २७, तोंडाने 'सत्तावीस'. काड्या, आकडा आणि नाव एकाच क्षणी समोर आले तरच एकमेकांना चिकटतात. खेळ आधी आणि लेखन तासाच्या शेवटी ठेवलं, तर मुलाच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

हे पक्कं झालं की उलटा डाव: पाच गठ्ठे घेऊन सुरू करायचं आणि फासे पडतील तेवढ्या काड्या परत द्यायच्या. गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या देताच येत नाहीत, वजाबाकीत दशक सुटा करतात तो हाच. काही मुलं अख्खा गठ्ठा देऊन तीन काड्या परत मागतील. थांबवू नका, तेही बरोबर आहे, आणि त्यात दहाच्या जोड्यांचा सराव होतो. शेवटी बरोबर शून्यच पडलं पाहिजे अशी अट ठेवू नका, नाहीतर तीन काड्या हातात धरून मुलं पाच-सहा फेऱ्या ताटकळतात.

पाटीपेन्सिल:
एक नियम सगळ्या खेळांना लावा: 'बाद' नको. संख्याखुर्चीत सगळ्यांत आधी बाहेर कोण पडतं? ज्याला आकडा लवकर ओळखता येत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच भिंतीला टेकून दहा मिनिटं बसतो. वर्गासमोर रोज पहिलं बाद होणाऱ्या मुलाला गणित नकोसं होतं, आणि ते खेळाच्या नावाखाली होतं, याचं फार वाईट वाटतं. संख्याखुर्ची घ्यायचीच तर खुर्च्या मुलांइतक्याच ठेवा, प्रत्येकीवर एक आकडा. गाणं थांबलं की बसायचं आणि आपल्या खुर्चीचा आकडा वाचायचा. अडला तर शेजारी मदत करेल. दर फेरीला कार्डं बदला.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार. 'घर निवड' उद्याच घेते. गटखेळाबद्दल तीन अडचणी आहेत. नऊ गटांचे अठरा फासे बाकाखाली जातात आणि शोधण्यात वेळ जातो. गटातलं एक हुशार मूल सगळं स्वतःच करतं. आणि साहित्य वाटण्यात-गोळा करण्यात दहा मिनिटं जातात.

दशक_सुटे:
फासे झाकणाच्या पारदर्शक डबीत कायमचे बंद करा. डबी हलवायची, खाली ठेवायची, वरून वाचायचं. फासा हरवत नाही, आवाजही कमी होतो. डब्या नसतील तर जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापा. ते टप्पे घेत लांब जात नाहीत. ठिपके काढताना समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात ठेवा, आणि पेनाची शाई पुसली जाते म्हणून दर पंधरवड्याला पुन्हा गिरवा.

हुशार मुलाचं उत्तर कामं वाटण्यात आहे. जोडीत एकजण फासे टाकतो आणि काड्या बांधतो, दुसरा संख्या म्हणतो आणि लिहितो. दर फेरीला अदलाबदल. जोडी लावताना वर्गातलं सर्वांत पुढचं मूल सर्वांत मागच्यासोबत देऊ नका. पुढचं मूल तीन सेकंदांत उत्तर सांगून टाकतं आणि दुसऱ्याची मोजणी अर्धी राहते. मधल्याबरोबर मागचा, पुढच्याबरोबर पुढचा अशा जोड्या जास्त चालतात. पुढच्या जोड्यांना पन्नासऐवजी शंभर गाठू द्या, काड्या वाढवून.

साहित्यासाठी गटागणिक एक कापडी पिशवी, तिच्यात बारा गठ्ठे बांधलेले. खेळाच्या सुरुवातीला चौघांनी तीन-तीन गठ्ठे सोडायचे, शेवटी परत बांधून ठेवायचे. बारा गठ्ठे भरले नाहीत तर काडी जमिनीवर आहे हे मुलांनाच कळतं, तुम्हाला १२० मोजत बसावं लागत नाही. पहिल्या दिवशी वेळ लागेल, चौथ्या-पाचव्या तासाला तीन मिनिटांत होतं.

तासाची मांडणी साधारण अशी: वाटप ३ मिनिटं, एका गटाने सर्वांसमोर खेळून दाखवणं ५, खेळ १५, पाटीवर लेखन ५, बोलणं ४, आवरणं ३. खेळून दाखवण्याची पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका. नियम तोंडी सांगितले तर नऊ गट नऊ प्रकारे खेळतात आणि पुढची पंधरा मिनिटं तुम्ही भांडणं सोडवत फिरता. थांबवण्यासाठी टाळ्यांचा एक ठेका ठरवा. तुम्ही वाजवला की मुलांनी तोच वाजवून हात डोक्यावर ठेवायचे. हात डोक्यावर असले की फासे हलत नाहीत. एक नवा खेळ किमान सहा तास चालवा. पहिले दोन तास नियम शिकण्यात जातात, गणित त्यानंतर सुरू होतं. दर तासाला नवा खेळ आणला तर मुलं फक्त नियमच शिकत राहतात.

चिंचोका:
पुरवणी. गठ्ठ्याच्या खेळात अडखळणारी मुलं बहुधा दहाच्या जोड्यांत कच्ची असतात. त्यांना दहा चिंचोके द्या, एका बाजूने फरशीवर घासून पांढरे केलेले. मुठीत हलवून टाकायचे: सहा पांढरे, चार काळे, म्हणजे सहा आणि चार दहा. पण अशा टाकण्यात बहुतेक वेळा ४, ५, ६ च पडतात. नऊ-एक क्वचित आणि दहा-शून्य जवळजवळ येतच नाही. त्या जोड्यांसाठी 'वाटीखाली किती' खेळा. एकाने काही चिंचोके वाटीखाली झाकायचे, दुसऱ्याने बाहेरचे बघून आतले सांगायचे, मग वाटी उचलून बघायचं. बालवाडीच्या मुलांना मात्र चिंचोके देऊ नका, नाकात-तोंडात जातात.

खडूफळा:
एक शेवटचं. खेळाने फरक पडतोय की नाही हे कसं बघू? वर्गात सगळेच एका सुरात उत्तर देतात.

गणितमाळ:
दर शनिवारी सहा संख्यांचं श्रुतलेखन, चार मिनिटांत. पहिल्या आठवड्यात या घ्या: २७, ६३, ४९, ५३, ८०, ७९. बरोबर-चूक एवढंच नोंदवू नका, मुलाने काय लिहिलं ते नोंदवा. ७२ किंवा ३६ आलं तर क्रमाची चूक, 'शेपूट धर' चालू ठेवा. ५९ किंवा ८९ आलं तर एकोणची, मूल परत रेघेवर. ५३ ला ६३ किंवा ४३ आलं तर शेपूट ओळखीचं नाही, पन्नाशीची माळ म्हणून घ्या. २०७ आलं तर एकावर एक बसणारी कार्डं. ८० ही सगळ्यांना जमावी अशी संख्या आहे. तीही चुकली तर त्या मुलाबरोबर काड्या घेऊन बसा, कारण त्याची अडचण लिहिण्याच्या आधीची आहे. पुढच्या शनिवारी संख्या बदला पण जाती त्याच ठेवा: २८, ६४, ३९, ५६, ९०, ६९.